बिनतारी विद्येचा साधक : गुल्येल्मो मार्कोनी

सह्याद्रीच्या एका कड्यावरून समोरच्या कड्यावरील माणसास हांक मारावयाची झाल्यास आपण ती एकदांच मारून स्वस्थ बसत नाहीं. वाऱ्यानें अर्धी हांक खाल्ली असेल, अर्धी दरींत विरली असेल, अशा शंकेनें तीच हांक पुन्हां पुन्हां देतों. आणि मधल्या वाटेवर एखादा गुराखी असलाच तर तोहि तीच हांक आपल्या तोंडानें पुढें पोंचवितो. विजेच्या लहरींवरून पाठविलेल्या शब्दाची गत याहून फारशी निराळी नाहीं. तारेवांचून जाणारा शब्द पोंचला कीं नाहीं, याचा भरंवसा कसा धरावा, हा प्रश्न ज्याला जन्मभर सोडवावा लागला, त्या गुल्येल्मो मार्कोनीचें चरित्र आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें येथें योजिलें आहे.

मार्कोनीनें बिनतारी तारायंत्र शोधून काढलें, असें एक वाक्य शाळेच्या पुस्तकांत असतें. तें वाक्य अर्धेंच खरें आहे. विजेच्या लहरी त्यानें शोधिल्या नाहींत. जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिख हर्ट्झ यानें त्या अगोदरच प्रयोगानें सिद्ध केल्या होत्या. आपल्याकडे कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनींहि १८९५ च्या सुमारास भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. मार्कोनीचें श्रेय निराळ्या ठिकाणीं आहे, आणि तें पुरतें ओळखावयाचें तर त्याच्या यशापेक्षां त्याच्या फसलेल्या दिवसांकडेच अधिक लक्ष दिलें पाहिजे.

त्याचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजीं इटलींतील बोलोन्या शहरीं झाला. वडील ज्युसेप्पे हे सधन जमीनदार, व आई ॲनी जेमसन ही मद्य गाळण्याच्या धंद्यांत नांवाजलेल्या एका आयरिश घराण्यांतील. मुलाचें शिक्षण बरेंचसें घरींच, कधीं या गांवीं तर कधीं त्या गांवीं, असें विस्कळित झालें. विद्यापीठाची पदवी त्याला मिळाली नाहीं. तथापि बोलोन्याचे प्राध्यापक औगुस्तो रिघी यांनीं त्याची जिज्ञासा पाहून आपली प्रयोगशाळा त्याला मोकळी ठेविली. १८९४ च्या प्रारंभीं हर्ट्झ अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं वारला. त्याच्या कार्याचें वर्णन त्या उन्हाळ्याच्या सुटींत मार्कोनीच्या वाचनांत आलें, व या लहरींच्या पाठीवर निरोप कां घालूं नये, हा विचार वीस वर्षांच्या त्या तरुणाच्या मनांत शिरला तो पुन्हां निघाला नाहीं.

पोन्तेक्कियो येथील व्हिला ग्रिफोने या घराच्या माळ्यावर त्यानें आपलें सामान मांडलें. एका बाजूस विजेची ठिणगी पाडणारें यंत्र. दुसऱ्या बाजूस धातूचा कीस भरलेली एक कांचेची नळी. लहर येऊन पोंचली म्हणजे हा कीस एकमेकांस चिकटे व त्यांतून विजेचा प्रवाह वाहूं लागे. मग लहानशा हातोडीनें नळीस टिचकी मारून तो पुन्हां मोकळा करावा लागे. उपकरण नाजूक व लहरी स्वभावाचें. आकाशांत दूर कोठें वीज चमकली तरी कीस चिकटावयाचा, व यंत्रानें न पाठविलेला निरोप ऐकवावयाचा! १८९५ सालीं मार्कोनीनें ठिणगीयंत्राचें एक टोंक उंच तारेला व दुसरें जमिनीला जोडून पाहिलें. या उंच तारेला एरियल म्हणतात. या एका युक्तीनें हातांतील अंतर मैलावर गेलें. थोरला भाऊ अल्फोन्सो ग्राहकयंत्र घेऊन टेकडीपलीकडे गेला. निरोप पोंचल्याची खूण म्हणून त्यानें बंदुकीचा बार काढावयाचा, असें ठरलें होतें. टेकडीआडून बार ऐकूं आला. शब्द जाणें हें एक, व तो गेल्याची खात्री परत येणें हें दुसरें; पहिल्याच प्रयोगांत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागल्या, हें ध्यानांत असूं द्यावें.

इटलींत पुरेसें साहाय्य मिळेना म्हणून १८९६ च्या फेब्रुवारींत आईबरोबर तो इंग्लंडांत आला. जकातीवरील अधिकाऱ्यांनीं त्याचें यंत्र संशयानें उघडून मोडून टाकिलें, असें सांगतात. आईच्या नातलगांच्या ओळखींनीं त्यानें पेटंट मिळविलें, व टपालखात्याचे मुख्य अभियंते विल्यम प्रीस यांचा पाठिंबा संपादिला. १८९७ च्या मे महिन्यांत ब्रिस्टलच्या खाडींत फ्लॅट होम बेट व किनारा यांमध्यें, आणि १८९९ च्या मार्चमध्यें इंग्लंड व फ्रान्स यांमध्यें संदेश गेले. त्याच वर्षीं एप्रिलांत गुडविनच्या वाळूपाशीं नांगरलेल्या दीपनौकेवर एक आगबोट आदळली, व दीपनौकेनें बिनतारी यंत्रावरून किनाऱ्याकडे मदत मागितली. बुडत्यास काडीचा आधार म्हणतात. येथें ती काडी हवेंतली होती.

आतां मार्कोनीच्या मनानें अटलांटिक महासागर घेतला. त्या वेळच्या बहुतेक पंडितांचें मत असें होतें कीं, लहरी प्रकाशाप्रमाणें सरळ जाणार, पृथ्वी तर गोल. तेव्हां त्या आकाशांत निघून जातील, पलीकडच्या किनाऱ्यावर उतरणार नाहींत. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल प्रांतांत पोल्धू येथें मोठें ठाणें उभारण्यांत आलें. विजेच्या यंत्रांची योजना जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांची. २०० फूट उंचीच्या वीस डोलकाठ्या वर्तुळांत उभ्या करून त्यांवर तारांचा शंकु टांगला होता. १७ सप्टेंबर १९०१ च्या वादळानें तो सारा पसारा भुईसपाट केला. अमेरिकेंत केप कॉड येथें उभारलेलें तसेंच दुसरें ठाणें नोव्हेंबरांत कोसळलें. दोन किनाऱ्यांवरील दोन ठाणीं, आणि दोन्ही मातींत! दुसरा एखादा वर्षभर थांबला असता. मार्कोनीनें पोल्धू येथें दोन काठ्यांमध्यें पंख्यासारख्या तारा ताणून तात्पुरतें एरियल करविलें, आणि जॉर्ज केंप व पर्सी पॅजेट या दोन साहाय्यकांसह तो न्यूफाउंडलंडास निघाला.

सेंट जॉन्स बंदरावरील सिग्नल हिल या टेकडीवर कडाक्याच्या थंडींत त्यांनीं ठाण मांडलें. उंच खांब उभारण्यास वेळ नव्हता. म्हणून फुगा किंवा पतंग उडवून त्याच्या दोराबरोबर तार वर न्यावयाची. फुगा वाऱ्यानें तुटून गेला. एक पतंगहि गेला. दुसरा पतंग कसाबसा टिकला, पण तो सारखा वर खालीं होई व त्यासरशीं तारेचा गुणधर्म बदले. त्यामुळें विशिष्ट लहरीशीं जुळवून ठेविलेलें यंत्र निरुपयोगी झालें. शेवटीं पाऱ्याची एक साधी नळी व टेलिफोनचें कर्णयंत्र, एवढ्यावर भागवावें लागलें. (अशाच तऱ्हेचें पाऱ्याचें उपकरण बोस यांनीं १८९९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वर्णिलें होतें, व या नळीच्या मूळ श्रेयाचा वाद पुढें पुष्कळ माजला.)

पोल्धूस हुकूम देऊन ठेविला होता तो असा : रोज ठरलेल्या तीन तासांत तार-लिपींतील एस् हें एकच अक्षर, म्हणजे तीन टिंबें, पुन्हां पुन्हां पाठवीत राहावें. या हुकुमांतलें शहाणपण नीट पाहण्यासारखें आहे. कर्णयंत्रांत एक टिक् असा आवाज आला तर तो वातावरणांतील विजेचाहि असूं शकेल. पण तीन टिका सारख्या अंतरानें, मग विराम, मग पुन्हां तशाच तीन, हें विजेच्या कडकडाटास जमणारें नव्हे. एका वेळीं एक टिंब हरवलें तरी पुढच्या आवृत्तींत तें सांपडेल. यंत्र दुबळें, एरियल डुलतें, वाट दोन हजार मैलांची. या तिन्हीं उणिवांवर उपाय म्हणून त्याच्या हातीं पुनरावृत्तीवांचून दुसरें साधन उरलें नव्हतें.

१२ डिसेंबर १९०१ रोजीं दुपारीं साडेबाराच्या सुमारास मार्कोनीनें कर्णयंत्र कानाशीं धरलें, व मग तें केंपच्या हातीं दिलें. दोघांनींहि तीं तीन टिंबें ऐकल्याचें नोंदविलें. दुसऱ्या दिवशींहि तीं थोडा वेळ ऐकूं आलीं. बातमी जगभर पसरली, आणि समुद्रांतून तार टाकणाऱ्या एका कंपनीनें आपल्या मक्तेदारीचा भंग होतो म्हणून त्याला तेथील प्रयोग बंद करावयास लाविले.

परंतु याच पुनरावृत्तीला एक उणी बाजू होती, व टीकाकारांनीं नेमकें तेथेंच बोट ठेविलें. काय ऐकावयाचें तें ऐकणाऱ्यास आधींच ठाऊक होतें. तीन टिंबांची वाट पाहत बसलेल्या कानाला खरखराटांतहि तीन टिंबें भासणें अशक्य नाहीं. ऐकणारे दोघेच, दोघेहि एकाच घरचे. कागदावर उमटलेली खूण कांहीं नाहीं. आज वातावरणाच्या वरच्या थराविषयीं जें ज्ञान झालें आहे त्यावरून पाहतां, भर दुपारीं त्या लांबीची लहर इतकी दूर पोंचणें फार कठीण होतें, असें अनेक तज्ज्ञांचें मत आहे; कांहींजण तें शक्य मानतात. वाद मिटलेला नाहीं, व आतां तो मिटेल असेंहि दिसत नाहीं. आमच्या मतें मार्कोनीचा मोठेपणा त्या दुपारपेक्षां त्यानंतर त्यानें जें केलें त्यांत आहे.

तो चिडला नाहीं, वादांत वेळ घालविला नाहीं. १९०२ च्या फेब्रुवारींत फिलाडेल्फिया नांवाच्या आगबोटीवर तो पुन्हां अमेरिकेकडे निघाला. या खेपेस एरियल डोलकाठ्यांना पक्कें बांधलेलें होतें, व येणाऱ्या खुणा कर्णयंत्रांत ऐकावयाच्या नसून कागदाच्या पट्टीवर शाईनें आपोआप उमटावयाच्या होत्या. जहाज जसजसें पुढें जाई तसतशी पोल्धूहून आलेली पट्टी कप्तानास दाखवून तिच्यावर त्याची सही घेण्यांत येई. १५५१ मैलांपर्यंत पूर्ण शब्दांचे संदेश, व २०९९ मैलांपर्यंत तीं तीन टिंबें पट्टीवर उमटलीं. एकाच जागीं दोन माणसांनीं ऐकल्याच्या साक्षीऐवजीं आतां शेंकडों मैलांच्या वाटेवरील अनेक ठिकाणची लेखी साक्ष मिळाली.

आणि त्याच पट्ट्यांनीं एक नवी अडचणहि उघडी केली. रात्रीं दोन हजार मैल पोंचणारी लहर दिवसां सातशें मैलांपलीकडे जाईना. सूर्यप्रकाशाचा तिच्यावर कांहीं परिणाम होतो, हें मार्कोनीनें प्रसिद्ध केलें, जरी त्यानें स्वतःच्याच दुपारच्या यशाविषयींचा संशय वाढणार होता. त्याच वर्षीं अमेरिकेंत केनेली व इंग्लंडांत हेव्हिसाइड यांनीं असा तर्क बांधला कीं, वर हवेंत विजेनें भारलेला एक थर असावा व लहरी त्याच्यावर आपटून पृथ्वीकडे परत वळत असाव्यात. १९२४ सालीं ॲपल्टननें हा थर प्रयोगानें सिद्ध केला.

कॅनडा सरकारच्या साहाय्यानें ग्लेस बे येथें नवें ठाणें झालें, व १९०२ च्या डिसेंबरांत तेथून पोल्धूस पूर्ण संदेश गेले. १९०३ च्या जानेवारींत अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा राजे एडवर्ड यांस पाठविलेला निरोप केप कॉडहून निघाला. तो ग्लेस बे येथें झेलून तेथून पुढें पाठवावा, अशी योजना होती. पण पोल्धूनें तो थेट पकडला. लगेच त्या वसंतांत लंडनच्या टाइम्स पत्राकरितां अमेरिकेंतील बातम्या बिनतारी मार्गानें येऊं लागल्या. थोड्याच दिवसांत ग्लेस बे येथील यंत्रणा बिघडली. मग आणखी अपघात झाले. संदेश कधीं पोंचत, कधीं पोंचत नसत. तेव्हां मार्कोनीच्या कंपनीनें जो निर्णय घेतला तो धंद्याच्या दृष्टीनें फार महाग पडणारा होता. सर्वसाधारण परिस्थितींत अखंड चालेल अशी सेवा हातीं येईपर्यंत लोकांचे संदेश स्वीकारावयाचेच नाहींत, असें तिनें ठरविलें. भागीदार कुरकुरत होते, पैसा संपत होता, आणि समुद्रांतील तारांच्या कंपन्या मजा पाहत होत्या. चार वर्षें अशीं गेलीं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लिफ्डन येथें दलदलींतील पीट नांवाची इंधनमाती जाळून चालणारें प्रचंड ठाणें उभें राहिलें, व १९०७ च्या ऑक्टोबरांत अटलांटिकपार सार्वजनिक सेवा खऱ्या अर्थानें सुरू झाली.

समुद्रावर मात्र बिनतारीचें महत्त्व पटण्यास जगाला एक धक्का हवा होता. २३ जानेवारी १९०९ च्या पहाटे अमेरिकेच्या नॅंटकेट बेटाजवळ दाट धुक्यांत रिपब्लिक या मोठ्या प्रवासी जहाजावर फ्लोरिडा नांवाची आगबोट आदळली. रिपब्लिकच्या यंत्रशाळेंत पाणी शिरून वीज गेली. मार्कोनी कंपनीचा तरुण तारवाला जॅक बिन्स यानें आपल्या मोडक्या खोलींत बसून राखीव बॅटऱ्यांवर संकटाची हांक देण्यास आरंभ केला. त्या बॅटऱ्यांचा जोर थोडा. हांक फार दूर जाणारी नव्हती. परंतु बेटावरील सायास्कॉन्सेट येथील मार्कोनी ठाण्यानें ती ऐकली, व तीच हांक आपल्या जबर यंत्रावरून समुद्रभर पुन्हां पुन्हां पसरविली. ज्या जहाजांस बिन्सचा क्षीण आवाज कधींच लागला नसता त्यांना ठाण्याचा आवाज लागला. बाल्टिक नांवाचें जहाज वळलें. धुक्यांत चांचपडत, बिन्सच्या खुणांवरून वाट काढीत तें बारा तासांहून अधिक काळ शोधीत होतें. अखेर गांठ पडली, व दोन्ही जहाजांवरील मिळून १५०० हून अधिक माणसें वांचलीं. एका कमकुवत जागेवरून निघालेला शब्द दुसऱ्या बळकट जागेवरून पुन्हां उच्चारला गेला म्हणून हें घडलें. त्याच वर्षीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मार्कोनी व जर्मनीचा फर्डिनांड ब्राउन यांस विभागून मिळालें.

तीन वर्षांनीं, १९१२ च्या एप्रिलांत, टायटॅनिक बुडालें. ती कथा सर्वांस ठाऊक आहे, म्हणून येथें विस्तार नको. केप रेस येथील ठाण्यानें टायटॅनिकची हांक ऐकून ती इतर जहाजांस कळविली. कार्पेथिया जहाजाचा तारवाला निजावयाच्या बेतांत असतां त्याच्या कानीं ती पडली, व सुमारें ७०० जीव वांचले. पण त्याहून जवळ असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा एकुलता एक तारवाला दिवसभराच्या कामानंतर झोंपीं गेला होता. हांक कितीहि वेळां दिली तरी ऐकणारा जागा पाहिजे. पुढें मोठ्या जहाजांवर रात्रंदिवस पहारा ठेवण्याचे नियम झाले.

त्याच १९१२ सालीं मोटारीच्या अपघातांत मार्कोनीचा उजवा डोळा गेला. कामाच्या पाठीमागें संसाराकडे त्याचें लक्ष थोडें. पहिला विवाह मोडला. उत्तरायुष्यांत त्यानें मुसोलिनीच्या पक्षास आपलें नांव दिलें, व १९३० पासून इटलीच्या रॉयल अकादमीचें अध्यक्षपद भूषविलें. जगाला बोलतें करणाऱ्या माणसानें बोलणाऱ्यांचीं तोंडें बंद करणाऱ्या सत्तेपाशीं उभें राहावें, ही गोष्ट त्याच्या चरित्रांतून गाळतां येत नाहीं, व गाळूं नये. त्याच्या पेटंटांवरूनहि पुष्कळ कज्जे झाले. १९४३ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें लॉज, टेस्ला व स्टोन यांच्या पूर्वीच्या कार्याकडे बोट दाखवून त्याच्या एका महत्त्वाच्या पेटंटांतील मुख्य दावे रद्द केले.

पहिल्या महायुद्धानंतर त्यानें एलेत्रा नांवाची नौका विकत घेतली व तीच आपली तरती प्रयोगशाळा केली. तोंवर सर्वांचा समज असा कीं, जितकी लहर लांब व जितकें यंत्र प्रचंड तितका पल्ला मोठा. स्वतः मार्कोनीनेंच या समजुतीवर पैशाची रास ओतली होती. आतां चार्ल्स फ्रँक्लिन या आपल्या अभियंत्याबरोबर त्यानें उलट वाट धरली. १९२३ सालीं पोल्धूहून ९७ मीटर लांबीच्या आंखूड लहरी सोडून त्या एलेत्रा नौकेवर, केप व्हर्ड बेटांपर्यंत, ऐकण्यांत आल्या; पुढील वर्षीं ३२ मीटरांची लहर भर दिवसां दूरवर पोंचली. शिवाय या लहरी आरशासारख्या मागें ताणलेल्या तारांच्या पडद्यानें एकाच दिशेस वळवितां येत. उंच मनोऱ्यांवर एका रांगेत अनेक उभ्या तारा टांगावयाच्या व त्या सर्वांतून एकच संदेश एकाच क्षणीं सोडावयाचा. ठरलेल्या दिशेस सगळ्यांच्या लहरी एकमेकींत मिळून जोर धरतात, इतर दिशांस त्या एकमेकींस मारतात. एकट्या तारेनें जें साधेना तें तारांच्या मेळ्यानें साधलें.

या पद्धतीनें १९२६ सालीं इंग्लंड व कॅनडा, आणि १९२७ सालीं इंग्लंड व हिंदुस्थान जोडले गेले. आमच्या वाचकांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, हिंदुस्थानचें पाठविण्याचें ठाणें पुण्याजवळ खडकीस, व घेण्याचें ठाणें दौंडास होतें; पलीकडे इंग्लंडांत ग्रिम्सबी व स्केग्नेस अशी जोडी होती. दोन ठाणीं इतकीं दूर कां? खडकीच्या प्रेषकयंत्राचा कल्लोळ शेजारींच असतां इंग्लंडहून आलेला क्षीण आवाज ऐकूं येणार नाहीं, म्हणून. बोलणाऱ्याचें तोंड व ऐकणाऱ्याचा कान मैलोगणती दूर ठेवण्याची ही रीत मार्कोनीच्या कंपनीनें आयर्लंडांत महायुद्धापूर्वींच पाडली होती. ही सेवा इतकी स्वस्त व जलद ठरली कीं, समुद्रांतील तारांच्या कंपन्यांना १९२९ सालीं बिनतारीशीं एकत्र व्हावें लागलें.

आंखूड लहरींनाहि एक खोड होती : आवाज चालतां चालतां मावळे, आणि क्षणांत पुन्हां उगवे. त्याचें कारण असें. एकच लहर आकाशांतल्या थरावरून दोन-तीन निरनिराळ्या वाटांनीं येते. एका वाटेनें आलेल्या लहरीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यांत पडला कीं दोन्ही विझतात. पण ज्या क्षणीं एका एरियलावर असें घडतें, त्याच क्षणीं थोड्या अंतरावरील दुसऱ्या एरियलावर बहुधा घडत नाहीं. मार्कोनीच्या अमेरिकन कंपनीच्या जागीं १९१९ सालीं जी नवी कंपनी स्थापन झाली, तिच्या हॅरल्ड बेव्हरेज व हॅरल्ड पीटरसन या अभियंत्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत रिव्हरहेड येथें एकमेकांपासून दूर तीन एरियलें उभारून त्यांवर येणारा एकच संदेश एकत्र केला. एक एरियल आंधळें झालें तरी तिन्ही एकदम आंधळीं क्वचितच होत, व मधून मधून तुटणारा आवाज अखंड ऐकूं येऊं लागला.

हेंच तत्त्व उलट बाजूनेंहि चालतें. आकडेवारीच्या रूपांत होणाऱ्या आजच्या नभोवाणीमध्यें अनेक मनोरे एकच कार्यक्रम, एकाच लहरलांबीवर, एकमेकांशीं वेळ जुळवून सोडतात. डोंगराआड एक मनोरा झांकला गेला तर दुसऱ्याचा शब्द पोंचतो. तिसऱ्या पिढीचे भ्रमणध्वनी आले तेव्हां दोन मनोऱ्यांच्या सीमेवर असलेल्या फोनाला दोन्ही मनोरे तोच शब्द एकाच वेळीं पाठवीत, व फोन दोहोंतून एक निका संदेश जुळवी. मजकुराचे लहान तुकडे करून प्रत्येकाबरोबर पडताळ्याचा आंकडा धाडावयाचा, व जो तुकडा बिघडला तेवढाच पुन्हां मागावयाचा, अशीहि पद्धत आहे; अल्फोन्सोच्या बंदुकीचा बार तेथें क्षणांत शेंकडों वेळां निघत असतो. सिग्नल हिलवरील कान मात्र परत विचारूं शकत नव्हता, कारण तेथें उलट निरोप पाठविण्याचें यंत्रच नव्हतें. म्हणून पोल्धूस तीन तीन तास तेंच अक्षर घोकावें लागलें.

मार्कोनीची प्रकृति अखेरच्या कांहीं वर्षांत हृदयविकारानें खालावली. त्या स्थितींतहि त्यानें अतिशय आंखूड, सूक्ष्म लहरींवरचे प्रयोग सोडले नाहींत. २० जुलै १९३७ रोजीं रोम येथें तो मृत्यु पावला. दुसऱ्या दिवशीं अंत्यविधीच्या वेळीं अनेक देशांतील बिनतारी ठाण्यांनीं दोन मिनिटें आपलीं यंत्रें मुकी ठेविलीं. त्याचा देह पुढें व्हिला ग्रिफोने येथेंच, ज्या घराच्या माळ्यावर पहिली ठिणगी पडली त्याच्या पायथ्याशीं, बांधलेल्या समाधींत ठेवण्यांत आला. एलेत्रा नौका दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांच्या हातीं पडली व १९४४ च्या जानेवारींत ॲड्रिॲटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्याजवळ नष्ट झाली. पुढें तिचे अवशेष इटलीस आणून त्यांचे तुकडे ठिकठिकाणीं जतन केले आहेत. त्यांपैकीं एक त्याच घराच्या आवारांत आहे.